पेटीच्या कामातून पियानो ट्यूनिंगकडे वळायचंय, पुण्यात कुणाच्या हाताखाली शिकावं?

कसब्यातला_पेटीवाला

नमस्कार मंडळी,

कसबा पेठेत आमचं पेटी दुरुस्तीचं दुकान आहे, वडिलांपासून चालत आलेलं. भात्याची गळती काढणं, पट्ट्यांखालचं फेल्ट बदलणं, सूर लावणं हे सगळं मी करतो. पालिताण्याचे रीड, जर्मन रीड, जुने पॅरिसचे, सगळे हाताखालून गेलेत. कान तयार आहे एवढं सांगायला हरकत नाही.

हल्ली कॅम्प, घोरपडी, फातिमानगर या बाजूंनी फोन येतात. "पेटी लावता ना, मग आमचा पियानोही लावून द्या." आतापर्यंत सगळ्यांना नाही म्हटलंय. लोकांच्या आजीच्या वेळच्या वस्तूवर मला हात साफ करायचा नाहीये. पण शिकायची इच्छा मनात पक्की बसली आहे. मध्यंतरी एक बंगला पाडायला घेतला होता, तिथला उभा पियानो मालकांनी "घेऊन जा, नाहीतर भंगारात जाईल" म्हणून देऊन टाकला. इंग्लिश बनावटीचा, जुना. तो दुकानाच्या मागच्या खोलीत ठेवलाय. खुंट्या फिरवायचं लिव्हर आणि बाजूच्या तारा दाबून धरायच्या रबराच्या पाचरी ऑनलाइन मागवल्या, मीटरचं ॲप घेतलं आणि रात्री शटर ओढलं की बसतो. कुठे अडतंय ते लिहितो.

पेटीत रीडचं टोक घासलं की सूर चढतो, मुळाशी घासलं की उतरतो. एकदा बसला की बसला. इथे मधल्या भागात एका पट्टीला तीन तारा आहेत. मी तिन्ही मीटरवर शून्यावर आणतो, कानालाही लहर (दोन सूर किंचित वेगळे असले की ऐकू येणारं डोलणं) राहत नाही. सकाळी वाजवून बघतो तर एखादी तार उतरलेली आणि पट्टी डोलतेय. लाइट, पंखा, खिडकी सगळं तपासलं. एकाच पट्टीच्या दोन तारा टिकतात आणि तिसरी पडते, म्हणजे हवेचा दोष नसावा.

दुसरी अडचण वरच्या सप्तकांची. मीटर बरोबर म्हणतं आणि मला सूर उतरलेला ऐकू येतो. पेटीत मध्य सा आणि तार सा यांच्यातली लहर थांबली की विषय संपतो. इथे कान ऐकायचा की मीटर?

तिसरी गोष्ट गांधाराची. गाणाऱ्यांची पेटी लावताना त्यांच्या पट्टीचा गांधार मी थोडा उतरवून देतो, तानपुऱ्याशी जुळतो. पियानोत तसं करता येणार नाही, बाराही स्वर कुणाचा ना कुणाचा सा होणार, हे कळतं. पण मग "पुरेसा चढा" गांधार कानाने ओळखायचा कसा? मनाला शांत वाटत नाही तोच बरोबर, हे कान कसं मान्य करणार?

आणि खरा प्रश्न हा, की हे शिकायचं कुणाकडून? आमच्या धंद्यात लोक एकमेकांना रीड उसने देतात, पण घासायला बसले की पाठ करून बसतात. पियानोवाले कसे असतात? दुकान सोडून मुंबईला जाऊन राहणं मला जमणार नाही.

पियानोशिक्षिका

उत्तर द्यायला जाणकार येतीलच. मी फक्त आमची बाजू सांगते.

औंधमध्ये मी मुलांना शिकवते. बहुतेकांकडे डिजिटल आहेत, पण ट्रिनिटीच्या किंवा एबीआरएसएमच्या संगीत परीक्षांच्या वरच्या ग्रेड्सना पोहोचलेल्या मुलांचे पालक खरा पियानो घेतात आणि मग ट्यूनर शोधत फिरतात. पुण्यात हे काम नीट करणारी माणसं थोडी आहेत. पावसाळ्यात पट्ट्या अडकायला लागल्या की सगळे एकदमच फोन करतात. एका विद्यार्थिनीच्या घरी कुणीतरी "हात चांगला आहे" म्हणून सांगितलेल्या कारागिराला बोलावलं, त्याने अडकलेल्या हातोड्यांच्या सांध्यांत मशीनचं तेल सोडलं. आठवडाभर सुरळीत चाललं, पुढे निम्मी ॲक्शन, म्हणजे पट्टीपासून हातोड्यापर्यंतची यंत्रणा, चिकट होऊन बसली.

तुम्ही आधी शिकून मग लोकांच्या घरी जायचं म्हणताय, हे वाचून फार बरं वाटलं. शिकाच. सरावाला पियानो लागला तर माझा वापरा, सकाळी क्लास नसतो.

कॅम्प_ट्यूनर

प्रश्न दोनदा वाचला. तयार कानाचा माणूस या कामाकडे येतोय याचा आनंद झाला, म्हणून हात राखून न लिहिता सगळं लिहितो.

तुमची तिसरी तार पडते त्याचं कारण मनगटात आहे. पियानोची खुंटी पोलादाची असते, पिनब्लॉकच्या लाकडात ठोकून बसवलेली, आणि ती निव्वळ घर्षणावर उभी राहते. एकेका तारेचा ताण ७०-८० किलो. अशा सव्वादोनशेच्या आसपास तारा, म्हणजे सगळा मिळून भार १६ ते १८ टनांच्या घरात जातो. तुम्ही लिव्हर ओढता तेव्हा खुंटी आधी किंचित वाकते, मग पिळली जाते, आणि त्यानंतर तिचं लाकडातलं टोक फिरतं. मीटरला या तिन्हींतला फरक कळत नाही. नुसत्या पिळावर सूर आला तरी ते शून्य दाखवतं. लिव्हर काढलंत की पीळ सुटतो आणि तार खुंटीमागोमाग खाली येते, कधी लगेच, कधी रात्रीतून.

त्यात भर म्हणजे तार खुंटीपासून सरळ ब्रिजवर (तारा टेकतात त्या लाकडी घोडीवर) जात नाही. मध्ये प्रेशर बार नावाच्या धातूच्या पट्टीखालून वाकून जाते. बारच्या वरचा छोटा तुकडा आणि खालचा वाजणारा लांब भाग यांचा ताण सारखा व्हायला हवा, आणि तो जोरात वाजवल्याशिवाय होत नाही. पेटीवाले सूर लावताना भाता संथ ठेवतात, ती सवय इथे सोडा. पट्टी ठणकावून वाजवा. हलक्या हाताने वाजवत लावलेला पियानो पहिल्या जोरकस वादनाला सुटतो.

आता कृती. उभ्या पियानोवर लिव्हरचा दांडा घड्याळातल्या बारा ते एकच्या दिशेने राहील असं टोक बसवा. सूर हवा त्याहून केसभर वर न्या, पण नेताना खुंटी मुळापासून फिरली हे तळहाताला जाणवलं पाहिजे. जुन्या ब्लॉकमध्ये बारीकशी कटकट लागते, चांगल्या ब्लॉकमध्ये ताक घुसळताना रवीला लागतो तसा जड, एकसारखा विरोध लागतो. मग लिव्हर फिरवायचं नाही, डावीकडे नुसता भार द्यायचा आणि त्याच क्षणी पट्टी जोरात. सूर खाली येऊन जागेवर थांबेल. आता उजवीकडे तेवढाच भार देऊन बघा. दोन्हीकडून सूर जरासा हलून परत त्याच जागी येत असेल तर खुंटी बसली. एकीकडे सहज सरकतो आणि दुसरीकडे अडून राहतो, असं असेल तर पीळ शिल्लक आहे, पुन्हा करा.

हे वाचून येत नाही. माझे गुरू गोव्याचे होते. ते लिव्हर धरायचे आणि माझा पंजा त्यांच्या मुठीवर ठेवायला लावायचे. खुंटी फिरली की मी "आता" म्हणायचं. पुढे मूठ माझी आणि पंजा त्यांचा. बोलणं फार थोडं व्हायचं. म्हणून सांगतो, व्हिडिओ कितीही बघा, एकदा तरी दुसऱ्याच्या लिव्हरवर हात ठेवायला मिळालाच पाहिजे.

वरच्या सप्तकांबद्दल तुमचा कान बरोबर आहे. पेटीच्या रीडला वारा सतत हलवत असतो, त्यामुळे तिचे उपस्वर, म्हणजे मूळ स्वरासोबत उमटणारे वरचे सूर, मूळ स्वराच्या अगदी दुप्पट, तिप्पट, चौपट येतात. पियानोची तार हातोड्याने एकदा ठोकून सोडलेली असते, आणि ती ताठ पोलादाची. त्या ताठपणामुळे उपस्वर हिशेबापेक्षा थोडे थोडे चढत जातात. वरचा सा लावताना कान तो खालच्या सा-च्या उपस्वराशी जुळवतो, आणि तो उपस्वर मुळातच चढा आहे. म्हणून वर जाताना सप्तक ताणायचं आणि खाली जाताना उतरवायचं. १९३८ मध्ये रेल्सबॅक या अमेरिकन भौतिकशास्त्रज्ञाने चांगल्या ट्यूनरनी लावलेल्या पियानोंच्या मोजणीतून याचा आलेख मांडला, आजही तो त्याच्याच नावाने ओळखला जातो. पियानो जितका ठेंगणा तितकं सप्तक जास्त ताणावं लागतं. साध्या मीटरला यातलं काही माहीत नसतं, बारा स्वरांचं गणित तेवढं ते दाखवतं. तारांचे उपस्वर मोजून त्या पियानोपुरता हिशेब करणारी वेगळी ॲप्स आहेत, घ्यायचं तर त्यातलं घ्या.

गांधाराचं मात्र मनापासून शिकण्यासारखं आहे. समान बारा भागांत सप्तक वाटलं की गांधार शुद्ध गांधारापेक्षा जवळजवळ १४ सेंट (सेंट म्हणजे अर्ध्या स्वराचा शंभरावा भाग) चढा येतो, आणि चढा असल्यामुळे त्याला लहर असते. ती लहर मोजायची. मधल्या सी-च्या खालचा एफ आणि त्यावरचा ए एकत्र वाजवा, सेकंदाला जवळजवळ ७ लहरी. त्या ए-वर सी-शार्प धरा, पावणेनऊच्या आसपास. सी-शार्पवर मधल्या सी-च्या वरचा एफ, ११. त्या एफवर ४४० हर्ट्झचा ए, जवळजवळ १४. प्रत्येक वेळी चाराचे पाच होतात. एफपासून एफपर्यंतचे हे तीन गांधार एकमेकांच्या डोक्यावर बसतात आणि त्यांचं सप्तक पूर्ण झालं पाहिजे. एक चुकला तर बाकीचे दोन लगेच ओरडतात. या चौकटीत मग पंचम बसवत जायचं. पंचम मात्र अगदी थोडा उतरता, दोन सेकंदांत एखादी लहर.

सेकंदाला ७ कसे ओळखायचे? तुम्ही पेटीवाले, तबलजी तुमच्या ओळखीचे असणारच. लय ६० ची ठेवा, म्हणजे मात्रा एका सेकंदाची, आणि एका मात्रेत "तकिट तकधिन" म्हणा. सात अक्षरं. ते तोंडात बसलं की एफ-एचा गांधार लावताना आतून चालू ठेवायचं. मी शनिवार पेठेतल्या एका तबलजींकडे यासाठी मुद्दाम जाऊन बसलो होतो. इंग्रजी पद्धतीच्या कुठल्याही शिकवणीपेक्षा मला त्याचा जास्त उपयोग झाला. चौकटीतली लहर लयीच्या माणसाला पटकन कळते. मनाला शांत वाटण्याचा मुद्दा तिथेच सुटतो, कारण तुम्ही शांतता ऐकतच नसता, गती ऐकत असता.

एक लक्षात असू द्या, सूर घ्यायचा ट्यूनिंग फोर्कही पोलादाचा आहे. २० अंशांना बरोबर ४४० देणारा फोर्क मे महिन्यात ३५ अंशांच्या खोलीत पाऊण हर्ट्झच्या आसपास खाली बोलतो. खिशात घालून फिरलात तर आणखी. एवढ्याने एका घरातला पियानो बिघडत नाही, पण दोन पियानो एकत्र वाजायचे असतील तर दोन्हींना एकच फोर्क लावा.

आता तुमचा खरा प्रश्न, शिकायचं कुणाकडून.

जिवंत माणसांकडून शिकालच, पण तुमच्या मागच्या खोलीत आत्ताच कुणीतरी आहे. त्या पियानोवर तुमच्याआधी काम केलेले सगळे जण. खालची फळी काढा, पट्ट्यांवरची आडवी लाकडी फळी काढा, आणि डाव्या टोकाची पहिली पट्टी बाहेर घ्या. तिच्या लाकडावर पेन्सिलीने तारीख किंवा सही बहुतेक वेळा सापडते. ट्यूनर तिथे लिहून ठेवतात, नाहीतर लोखंडी चौकटीवर खडूने. पट्ट्यांखालचे कागदी वॉशर बघा. कुठे वर्तमानपत्राचा तुकडा घातलाय, कुठे कारखान्याचा हिरवा-पांढरा कागद आहे. वर्तमानपत्र मागाहून घातलेलं, म्हणजे त्या पट्टीची उंची नंतर कुणीतरी सारखी केली. का केली असेल याचा विचार करा, खालचं फेल्ट कसरीने खाल्लेलं सापडेल.

बेसच्या तारांकडे तर नक्की बघा. त्या पोलादावर तांबं गुंडाळलेल्या असतात आणि प्रत्येक पियानोच्या मापाने करून घ्याव्या लागतात. नवी तार यायला पूर्वी महिनेच्या महिने जायचे. म्हणून जुने ट्यूनर तुटलेल्या तारेला तांब्याच्या वेटोळ्याच्या वर, साध्या पोलादी भागात, नवा तुकडा गाठीने जोडायचे. दोन टोकांचे दोन फास एकमेकांत अडकवून ओढलेली ती गाठ इतकी घट्ट बसते की तार वर्षानुवर्षं सूर धरते. मला ती गाठ कुणी शिकवली नाही. खडकीच्या एका चर्चच्या सभागृहातल्या पियानोत ती सापडली. ताण उतरवून ती मी हातात घेतली, भिंगाखाली बघितली, जाड दोरीवर तशी बांधली, मग तारेवर. ज्याने ती बांधली तो कोण, कधीचा, काही पत्ता नाही. पण कापलेलं टोक त्याने आतल्या बाजूला वळवून ठेवलं होतं, पुढच्या माणसाचं बोट फाटू नये म्हणून. तेव्हापासून मीही टोक आत वळवतो.

जिवंत माणसांचं म्हणाल तर पाठ करून बसणारे इथेही आहेत. पण थोडेच. पुण्यात आम्ही काही जण एक करतो, कार्यक्रमाचा पियानो लावून झाला की दुसऱ्याला बोलावतो. तो नुसता तिहेरी तारा ऐकतो आणि ज्या पट्टीवर शंका आहे तिथे खडूचा ठिपका ठेवतो. काही बोलत नाही. ठिपका का ठेवला हे आपण शोधायचं. आपल्या कामाला आपला कान सवयीने माफ करतो, दुसऱ्याचा करत नाही. तुम्हाला शिकायचं असेल तर या ठिपक्यांपासून सुरुवात करा. मला व्यक्तिगत निरोप पाठवा.

गिरगावकर

कॅम्प_ट्यूनर यांच्या प्रत्येक शब्दाला +१. थोडी भर, एका ठिकाणी मतभेद.

ते ठिपक्यांचं जे म्हणतात, तेच अमेरिकेत पियानो टेक्निशियन्स गिल्ड परीक्षेत करते. गिल्डची स्थापना १९५७ ची. परीक्षेच्या आधी परीक्षक मंडळी मिळून एक पियानो लावतात, एकेका स्वरावर वाद घालून एकमत करतात आणि त्याची नोंद ठेवतात. मग तोच पियानो मुद्दाम बिघडवला जातो, उमेदवार लावतो, आणि त्याचं काम त्या एकमताच्या नोंदीशी ताडून बघतात. मला यातला एकमताचा भाग फार मोलाचा वाटतो. उमेदवाराचं तर झालंच, पण परीक्षकही तिथे एकमेकांचं ऐकून शिकतात.

मतभेद मीटरबद्दल. कॅम्पवाल्यांचा सूर थोडा मीटरविरोधी लागला. पियानो अर्धा स्वर उतरलेला असेल तर पहिला हात मीटरनेच फिरवावा, वेळ आणि कान दोन्ही वाचतात. ताण वाढला की साउंडबोर्ड (तारांमागची आवाज मोठा करणारी लाकडी फळी) दबतो आणि आधी लावलेले स्वर परत उतरतात, म्हणून पहिल्या फेरीत प्रत्येक स्वर हव्या त्याहून वर न्यायचा. मधल्या भागात जेवढा उतरला आहे त्याच्या साधारण पाव हिस्सा वर. हे मीटरशिवाय अंदाजाने केलं तर फार वेळ जातो. कान दुसऱ्या फेरीसाठी राखून ठेवावा. तिहेरी तारा मात्र कानानेच, त्याबद्दल वाद नाही.

पेटीवाल्या भाऊंना एक कळकळीची विनंती. जुना इंग्लिश पियानो आहे, तारा गंजलेल्या असतील. आमच्याकडे समुद्राच्या हवेने गंज चढतो. तुमच्याकडे मार्च-एप्रिलच्या दुपारी हवेतली आर्द्रता २०-२५ टक्क्यांवर जाते आणि ऑगस्टमध्ये ८० च्या वर, त्या हेलकाव्याने ब्लॉक आणि साउंडबोर्ड दोन्ही थकतात. गंजलेली तार चढवायच्या आधी ती थोडी उतरवा, बारच्या जागेवरची पकड सुटू द्या, मग वर न्या. सरळ चढवलीत तर तिथेच तुटते. चष्मा लावल्याशिवाय वरच्या तारांना हात लावू नका. ४४० चा हट्ट धरू नका, जिथे उभा आहे तिथे नीट जुळवलात तरी सरावाला पुरे.

कसब्यातला_पेटीवाला

सगळ्यांचे मनापासून आभार. कॅम्पवाले काका, मला अरेतुरे करा, वयाने लहान आहे.

काल रात्री पहिली पट्टी काढून बघितली. पेन्सिलीने तारीख आहे, वर्ष नीट लागत नाही, आणि खाली दोन इंग्रजी अक्षरं. पट्ट्यांखाली गुजराती वर्तमानपत्राचे तुकडे निघाले. बेसमध्ये एका तारेला तुम्ही म्हणता तशी गाठही आहे.

"तकिट तकधिन" करून एफ आणि ए लावला. आधी नऊ-दहाच्या घरात डोलत होता, म्हणजे फार चढा. सातवर आणल्यावर तो गांधार मला पहिल्यांदाच आवडला.

दोन शंका आहेत. पाचरी घालायला जागाच नाही, तारांच्या पुढे वरून खालपर्यंत बारीक सळयांचं जाळं आहे. आणि मागवलेलं लिव्हर काही खुंट्यांवर घट्ट बसतं, काहींवर खुळखुळतं. शिक्षिकाताईंनी पावसाळ्यातल्या पट्ट्यांचं लिहिलंय, तेल नाही तर मग काय, तेही सांगा.

कॅम्प_ट्यूनर

बरं, अरेतुरे करतो. तू गाठ शोधून काढलीस हे वाचून फार आनंद झाला. वर्तमानपत्र गुजराती आहे म्हणजे पियानो बहुधा पारशी घरातून फिरत आला असणार. कॅम्पात असे बरेच होते.

सळयांचं जाळं म्हणजे तुझा पियानो ओव्हरडँपरचा आहे. तार थांबवणारे डँपर हातोड्यांच्या वर आणि त्यांना ओढणाऱ्या सळया पुढून. इंग्लंडात असे खूप बनले, बाहेरचे लोक त्याला पिंजराच म्हणतात. रबराची पाचर इथे जात नाही. त्यासाठी चिमट्यासारखी लांब पात्यांची पाचर मिळते, पॅप्स म्हणतात. सळयांच्या मधून आत सरकवली की पाती उघडून दोन तारा दाबून धरतात आणि तिसरी मोकळी राहते. शिकायला हा सगळ्यात अवघड प्रकार आहे. तिहेरी तारांचा सराव शिक्षिकाबाईंच्या पियानोवर कर, त्या एवढ्या मोकळेपणाने देतायत. पिंजऱ्याचं नंतर बघू.

पावसाळ्यातल्या पट्ट्यांचं. आधी कुठे अडकतंय ते शोधायचं. पट्टीच अडकत असेल तर तिच्या छिद्रातलं कापड फुगलेलं असतं, त्यासाठी दाबायची पक्कड मिळते, हलकं दाबायचं, लाकूड कापायचं नाही. हातोडा सावकाश परतत असेल तर सांध्यातल्या पिनेभोवतीचं फेल्ट फुगलंय. तिथे पाणी आणि अल्कोहोल सम प्रमाणात घेऊन एकच थेंब सोडायचा आणि पूर्ण वाळू द्यायचं. वाळताना फेल्ट आक्रसतं आणि सांधा मोकळा होतो. तेल, खोबरेल, गंज सोडवायचा स्प्रे, काहीही नाही. फेल्ट तेल पितं आणि धरून ठेवतं, पुढे प्रत्येक पीन काढून सांधा नव्याने बसवावा लागतो. शिक्षिकाबाई, त्या विद्यार्थिनीच्या घरी तेच करावं लागेल, हवं तर मी येऊन बघतो.

आणि पावसाळ्यात सूर लावायची घाई करू नये. जुलै-ऑगस्टमध्ये साउंडबोर्ड फुगतो, मधला भाग चढतो, बेस फारसा हलत नाही. तेव्हा चढलेला भाग खाली ओढला तर फेब्रुवारी-मार्चमध्ये तो आणखी खाली गेलेला असतो. परीक्षा किंवा कार्यक्रम असेल तर इलाज नाही, एरवी ऑक्टोबर उतरेपर्यंत थांबायला सांगावं. गिऱ्हाईक आधी नाराज होतं, नंतर तेच दर वर्षी त्याच महिन्यात बोलावतं.

मीटरबद्दल गिरगावकरांचं मान्य. उतरलेला पियानो चढवताना मीही वापरतो.

आता लिव्हर. खुळखुळतं तिथे अजिबात जोर लावू नकोस, खुंटीचं डोकं गोल होऊन जाईल. जुन्या इंग्लिश पियानोत काही खुंट्यांचं डोकं चौकोनी नसून लांबट असतं, त्यांना आजचं चांदणीसारखं टोक धरत नाही, वेगळं टोक लागतं. किंवा मध्येच कुणीतरी खुंट्या बदलल्या असतील, जाडीचे दोन प्रकार असतील. कॅलिपरने आठ-दहा खुंट्यांचं डोकं दोन्ही बाजूंनी मोज, माप मिलिमीटरमध्ये लिही आणि जवळून फोटो काढ. तुमच्याजवळच बोहरी आळीत कॅलिपर स्वस्तात मिळेल. मापं कळली की माझ्याकडच्या जुन्या टोकांतलं बसणारं शोधून ठेवतो. गुरुवारी सकाळी ईस्ट स्ट्रीटच्या मागे एका घरी माझं काम आहे, त्यांना विचारून ठेवलंय, तू आलास तर चालेल म्हणाले. निरोपात पत्ता पाठवतो. येताना तुझं लिव्हर घेऊन ये.